बिळाबाहेरून मोजणी

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, सांगलीत समुद्रपक्ष्यांवर बोलायला उभे राहणे हे धाडसच आहे, कारण २००५ आणि २०१९ सालच्या महापुरांत समुद्र दारात आल्यासारखा वाटला, तरी त्याच्याबरोबर समुद्रपक्षी काही आले नव्हते. तरीही बिळात अंडी घालणाऱ्या त्या पक्ष्यांची शिरगणती त्यांना त्रास न देता कशी करावी, हे समजून घ्यायला आपली कृष्णा पुरेशी आहे.

हरिपूरच्या अलीकडे नदीकाठच्या मळीच्या दरडीत वेडे राघू बिळे कोरतात. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही चौघांनी ती वस्ती मोजायचे ठरवले आणि दरडीसमोर पंधरा पावलांवर चटई, थर्मास आणि भडंगाची पिशवी घेऊन ठाण मांडले. (भडंगाशिवाय सांगलीकराचे कोणतेही निरीक्षण पूर्ण होत नाही.) तीन तासांनी वहीत नोंद झाली ती अशी : बिळे अकरा, वापरातले एक. वरच्या तारेवर मात्र एक राघू चोचीत चतुर धरून बसला होता. तो दरडीकडे झेपावायचा, ऐन वेळी वळायचा आणि चतुरासकट पुन्हा तारेवर यायचा. ‘नावाप्रमाणेच वेडा आहे,’ असा शेरा आमच्यातल्या एकाने मारला, तोही वहीत आहे. चहा संपल्यावर आम्ही सावलीसाठी बाभळीआड सरकलो, तोच तो राघू सरळ एका बिळात शिरला आणि पाठोपाठ आणखी चार बिळांत ये-जा सुरू झाली. पुढे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचनात आला : माणूस तेवढ्याच अंतरावर असला, तरी त्याला घरट्याचे तोंड दिसत असेल तर राघू आत जायचे टाळतो. म्हणजे आमच्या वहीत राघूंची नव्हे, आमच्या चटईच्या जागेची नोंद झाली होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता घाईने समुद्र गाठतो. वेल्सच्या किनाऱ्यालगत स्कोमर बेटावर मँक्स शिअरवॉटर हा पक्षी बिळात वर्षाला एकच अंडे घालतो आणि गल (कुरव) पक्ष्यांच्या भीतीने अंधारातच ये-जा करतो, त्यामुळे दिवसा मोजायला वर कोणी दिसतच नाही. हात घालावा तर उबवणारा पक्षी बिथरतो, चालावे तर पायाखाली बिळाचे छप्पर खचते आणि नळीच्या टोकाचा कॅमेरा वळणावर अडतो. म्हणून दिवसा बिळाच्या तोंडाशी त्याच पक्ष्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवून आतून उत्तर येते का, ते ऐकतात. गोम अशी, की नराच्या आवाजाला बहुधा नरच उत्तर देतो, त्या दिवशी अंड्यावर मादी असली तर बीळ गप्प राहते, आणि नरही दर वेळी बोलतोच असे नाही. म्हणून पक्षी नक्की आहे अशी काही बिळे निवडून तिथे पुन्हा पुन्हा आवाज वाजवायचा. समजा अशा १०० बिळांतून सरासरी ४० उत्तरे आली, तर इतरत्र मिळालेल्या उत्तरांना अडीचने गुणायचे. हा गुणक दुसऱ्या बेटावरून किंवा गेल्या वर्षाच्या वहीतून उसना आणता येत नाही.

वेळ संपली. येत्या एप्रिलमध्ये आम्ही बाभळीआड बसणार आहोत; चटई तीच आहे, भडंग ज्याचे त्याने आणावे.