फेक दिसते, पकड दिसत नाही

नमस्कार मंडळी. आज कुस्तीबद्दल बोलायचंय, म्हणजे ग्रीको-रोमन कुस्तीबद्दल, आणि त्यातल्या फेकी मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं आणि आपण एमएमए म्हणतो त्या फाइटमध्ये गेल्यावर त्यांचं काय होतं त्याबद्दल. रेडिओवर डाव दाखवता येत नाही, त्यामुळे मध्येच मी तुम्हाला जागेवरून उठायला सांगणार आहे, तेवढं ऐका माझं.

तारीख २० जून २००४. जपानमधलं सायतामा, प्राइड नावाची एमएमए स्पर्धा. समोर फेडोर एमेलियानेन्को, तेव्हाचा हेवीवेट चॅम्पियन, आणि त्याच्याशी लढतोय केविन रँडलमन. रँडलमनने मागून कंबरेला विळखा घातला, उचललं, आणि स्वतः मागे कमान टाकून फेडोरला डोक्यावरून असा फेकला की तो मान आणि खांद्यावर आदळला. सुप्लेक्स. ती क्लिप मी कितीदा पाहिली असेल मोजलेलं नाही, आणि दर वेळी त्या क्षणी पोटात धस्स होतं. पण फाइट कोण जिंकलं? फेडोर. खाली पडल्यावर काही सेकंदात तो पलटला, वर आला, रँडलमनचा हात पिरगळला आणि १ मिनिट ३३ सेकंदांत विषय संपला.

रँडलमनचं नाव झालं ते अमेरिकन कॉलेज कुस्तीत, पण तो डाव ग्रीको-रोमनवाल्यांचा जीव की प्राण. मॅटवर अशा उंच फेकीला एका झटक्यात ५ पॉइंट मिळतात आणि पाठ टेकली तर कुस्तीच संपते. एमएमएमध्ये पाठ टेकली म्हणून काही संपत नाही, समोरचा पाठीवर पडल्या पडल्या चोक लावू शकतो, म्हणजे गळा आवळू शकतो, हात तोडायला येऊ शकतो. म्हणजे जिथे कुस्ती संपते तिथे इथे अर्धी फाइट बाकी असते!

आता ग्रीको-रोमन म्हणजे नक्की काय. नावात ग्रीस आणि रोम असले तरी हा प्रकार घडला १९व्या शतकातल्या फ्रान्समध्ये, आणि १९०८ पासून तो प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहे. नियम एकच लक्षात ठेवा, कंबरेच्या खाली हात लावायचा नाही, आणि पाय घालून पाडायचंही नाही. टांग मारणं बंद, पाय ओढणं बंद. मग उरतं काय, तर छाती, खांदे, मान, दंड आणि स्वतःची कंबर, आणि एवढ्यावरच समोरच्याला आस्मान दाखवायचं, म्हणून ही माणसं छातीला छाती लावून जे काम करतात ते दुसरं कुणी तसं करू शकत नाही असं मला मनापासून वाटतं.

आता उठा बघू. कुणी जवळ असेल तर समोर उभं करा. तुमचा उजवा हात त्याच्या डाव्या काखेखालून घाला आणि तळवा त्याच्या पाठीवर, खांद्याच्या पात्यावर ठेवा. याला अंडरहूक म्हणतात. आता कोपर थोडं वर उचला. त्याचा खांदा वर गेला ना, आणि टाचा हलक्या झाल्या ना? बास, एवढंच करा, फेकू नका! दोन पैलवान सकाळ-संध्याकाळ हेच करतात, तू माझ्या काखेत हात घाल, मी तुझा हात काढून माझा घालतो, पुन्हा तू, पुन्हा मी, याला पमलिंग म्हणतात आणि बघायला फार कंटाळवाणं वाटतं. पण दोन्ही हात आत गेले आणि पाठीमागे एकमेकांत अडकले की झाला बॉडी लॉक, आणि मग आपली कंबर त्याच्या कंबरेच्या खाली आणि जवळ गेली की वजन उचलायचं काम पाय आणि कंबर करतात, दंड फक्त धरून ठेवतात. लोक म्हणतात काय ताकद आहे, ताकद असतेच, पण दोघांच्या मध्ये वीतभर जागा राहिली तर कितीही ताकद असू दे, फेक होत नाही.

केजमध्ये, म्हणजे एमएमएच्या जाळीने घेरलेल्या रिंगणात, अडचणी वाढतात. अंगावर घाम, हातात ग्लोव्हज, पायात कुस्तीचे बूट नाहीत, त्यामुळे पकडही सुटते आणि पायही सरकतो. पाठीमागे जाळी असेल तर मागे कमान टाकायला जागाच नाही. आणि ग्रीकोवाला सवयीने ताठ उभा राहतो, कारण त्याच्या खेळात पाय कुणी ओढत नाही, इथे मात्र ओढतात. हेडलॉक, म्हणजे मानेभोवती हाताचा विळखा, घालून कंबरेवरून फेकायचा डाव तर जुगार आहे, जमला तर समोरचा थेट खाली, पण मानेवरचा हात सुटला तर आपली पाठ त्याच्या ताब्यात.

म्हणून मला रँडी कुटूर सगळ्यात जास्त आवडतो. ग्रीको-रोमनचा पैलवान, अमेरिकेच्या ऑलिंपिक टीममध्ये राखीव राहिला, प्रत्यक्ष मॅटवर उतरायची संधी काही मिळाली नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये, ३४ वर्षांचा असताना, तो एमएमएमध्ये २० वर्षांच्या विटोर बेलफोर्टसमोर उभा राहिला, ज्याच्या हातांच्या वेगाला तेव्हा सगळे घाबरत होते. कुटूर चिकटला. मान धरायची, डोकं खाली ओढायचं, दुसऱ्या हाताने जवळून ठोसे, पुन्हा पकड, आणि शेवटी रेफरीने फाइट थांबवली. मार्च २००७ मध्ये ४३व्या वर्षी त्याने ६ फूट ८ इंचाच्या टिम सिल्वियाला पाच राउंड हरवून हेवीवेटचा पट्टा परत घेतला. हवेतून माणसं उडवण्यासाठी तो प्रसिद्ध नाहीच. फेकीआधीचं जे काम, ते त्याने एवढं घोटलं होतं की फेकीची गरजच कमी पडली.

फेकी बघायच्याच असतील तर जानेवारी २००९ ची जॉन जोन्स आणि स्टीफन बॉनरची एमएमए फाइट बघा. जोन्स २१ वर्षांचा पोरगा, आणि बॉनरसारख्या मुरलेल्या माणसाला क्लिंचमधून, म्हणजे उभ्याने एकमेकांना धरलेलं असताना, असा फेकतो की बघत राहावं.

आणि मानेचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. एमएमएच्या नियमात समोरच्याचे पाय वर आणि डोकं खाली करून सरळ आपटणं हा फाऊल आहे, पण फेकीला कमान असेल, अंग गोल फिरून खाली येत असेल तर ती चालते. मॅटवरचा पैलवान आधी स्वतःच्या मानेवर ब्रिज, म्हणजे डोकं टेकून अंगाची कमान, करायला शिकतो, पडायला शिकतो, मग फेकायला. घरी पोरं गादी टाकून हे करतात, कळकळीने सांगतो, कोच नसेल तर करू देऊ नका.

शेवटचा किस्सा सिडनी २००० चा. रशियाचा ग्रीको-रोमन पैलवान अलेक्झांडर कारेलिन, १३० किलो गट, लागोपाठ तीन ऑलिंपिकची गोल्ड, १३ वर्षं हार नाही, पालथ्या पडलेल्या पैलवानाला उचलून मागे फेकायचा त्याचा डाव जगाला माहिती. फायनलला समोर अमेरिकेचा रुलॉन गार्डनर. दोघं छातीला छाती लावून विळख्यात, आणि कारेलिनच्या हातांची पकड क्षणभर सुटली. नियमाप्रमाणे १ पॉइंट गेला आणि १-० ने कुस्ती गेली. हाच गार्डनर ३१ डिसेंबर २००४ ला प्राइडमध्ये हिदेहिको योशिदाशी लढला, योशिदा म्हणजे १९९२ चा ज्यूदोचा ऑलिंपिक गोल्ड मेडलिस्ट. दोन फेकणारे समोरासमोर, लोकांना वाटलं आता माणसं उडणार. गार्डनर बहुतेक वेळ उभा राहिला, ठोसे मारत राहिला, आणि जजेसच्या निकालावर जिंकून घरी गेला.