तांबी बसवण्याआधी

(बडोदा. दांडिया बाजार, सकाळ.)

गायकवाडांच्या राज्यात नोकरीधंद्यासाठी आलेली मराठी घरं इथं अजून नांदतात. दारात गुजराती, स्वयंपाकघरात मराठी. एका विषयावर मात्र दोन्ही भाषा गप्प. "अंगावरून पांढरं जातंय," एवढंच, तेही जावेच्या कानात.

(कुटुंब नियोजनाची खोली. बाकावर सून, शेजारी सासू.)

दोन मुलं झाली. आता तांबी बसवायची. केसपेपर भरला जातो : मुलं किती, पाळी कधी आली. पुढचं विचारायचं तर सासूबाईंना बाहेर बसवावं लागतं. पडदा ओढला, आवाज उतरवला, की मग ती सांगते. लघवीला जळजळतं. संबंधानंतर कधी कधी रक्त दिसतं.

गर्भाशयाच्या तोंडाशी पू दिसला, गनोरिया किंवा क्लॅमिडिया हा गुप्तरोग असला, तर तांबी त्या दिवशी बसवत नाहीत. आधी उपचार, तोवर निरोध. बसवताना जंतू वर चढू शकतात; ओटीपोटात संसर्ग होण्याचा धोका पहिल्या तीन आठवड्यांतच जास्त असतो. तसं झालं की बोल लागतो तांबीला, आणि गल्लीतल्या चार बायका तिचं नाव टाकतात.

पण नुसत्या तक्रारी विचारून भागत नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काही जाणवतच नाही, आणि तो मुकाट्यानं गर्भनलिकांपर्यंत पोचतो. पुढे मूल हवं असतं, तेव्हा त्या नलिका बंद झालेल्या असू शकतात. उलट, पांढरं जाणं म्हणजे गुप्तरोगच, असंही नाही. पुष्कळदा ती बुरशी असते, किंवा योनीतल्या नेहमीच्या जंतूंचं गणित बिघडलेलं असतं. अशा बाईच्या कागदावर घाईनं 'गुप्तरोग' लिहिलं, तर घरी तिचं काय होईल? मला या चुकीची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. म्हणून आतून तपासायला हवं, आणि जमेल तिथं प्रयोगशाळेत नमुना पाठवायला हवा.

(टेबलावर औषधांची रंगीत पाकिटं.)

सरकारी कार्यक्रमात लक्षणांनुसार पाकिटांना रंग दिलेत. गर्भाशयाच्या तोंडाला संसर्ग असेल तर करडं : अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम. योनीच्या संसर्गाला हिरवं. सिफिलिस या गुप्तरोगासाठी रक्त तपासतात; तो पेनिसिलिनच्या इंजेक्शनानं बरा होतो.

गोळ्या, अंतरा इंजेक्शन, तांबी, ऑपरेशन यांनी गर्भ थांबतो, रोग थांबत नाही. दोन्हींवर उपयोगी पडतो तो निरोध. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गुप्तरोगांविषयीही ते उघडपणे लिहीत. त्यांनी हे दोन विषय वेगळे मानले नव्हते. आपल्या दवाखान्यांत मात्र त्यांच्या खोल्या अनेकदा वेगळ्या असतात, आणि दुसऱ्या खोलीच्या दारात उभं राहायला बाई धजत नाही. तांबीच्या खोलीत ती आपणहून आलेली असते.

(पडद्याआड. सिस्टर करडी पाकिटं पुढे करते. दोन.)

एक तिचं, एक नवऱ्याचं. त्यानं घेतलं नाही, तर महिन्याभरात ती पुन्हा इथंच येऊ शकते. तो मकरपुऱ्यात कारखान्यात आहे, रात्रपाळीला. ती पाकीट हातात फिरवत राहते.

"ह्यांना काय सांगू?"

"काही सांगू नका. डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय, एवढंच म्हणा. रात्रपाळी सुटली की सकाळी त्यांना घेऊन या. मी आहे इथं."