लाव्ह्याचा जिना: कळसूबाई ते कोकणकडा

[पहाट. भंडारदऱ्याचं पाणी, मागे कळसूबाईची रांग.]

समोरचा डोंगर पायथ्यापासून वर वाचत जा. हो, वाचतच. एक काळा उभा कडा, त्यावर गवताची पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. थेट कळसूबाईच्या माथ्यापर्यंत, १६४६ मीटरवर, असाच जिना चढत गेलाय. लाव्ह्याचे लोंढे एकावर एक साचले, त्याच्या या पायऱ्या.

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन भेगाळली आणि आतला लाव्हा वाहू लागला. शंकूसारखा ज्वालामुखी इथे शोधू नका. लाव्हा पातळ होता. दूरवर पसरला आणि आडवा निजला. दोन लोंढ्यांच्या मध्ये कधीकधी इतका काळ गेला, की वरच्या खडकाची माती झाली. पुढच्या लोंढ्याने ती विटेसारखी भाजून काढली. कड्यात असा तांबडा पट्टा दिसला, की समजायचं, इथे लाव्ह्याने दम खाल्ला होता. गडांवरच्या कित्येक आडव्या वाटा अशा मऊ थरांच्याच आधाराने जातात.

[रतनगडाचा माथा. आधी नुसता वारा, मग निवेदन.]

हे रतनगडाचं नेढं. सुईला असतं तसंच, फक्त यातून माणसं ओवली जातात. कातळाची धार मुळातच अरुंद. ऊन-पावसाने ती दोन्ही अंगांनी झिजली आणि आरपार भोक पडलं. आत बसलात तर वारा बोलू देत नाही. याच डोंगरात उगम पावणारी प्रवरा पुढे रंध्याला धबधबा होऊन कोसळते.

[साम्रद. माळरान, मग अचानक घळ.]

साम्रदच्या सपाटीवरून चालताना पुढ्यात काही असेल असं वाटतच नाही. आणि एकदम जमीन दुभंगते. ही सांदण दरी. दोन्ही हातांना ताशीव भिंती, डोक्यावर आभाळाची चिंधी. लाव्ह्याचा हा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, थंड होताना आकसतो, तडकतो. पाण्याला अशी तड आयती सापडली, की ते तीच खोल करत जातं. तळातल्या धोंडी भिंतींतूनच निसटलेल्या आहेत; म्हणजे काम अजून चालू आहे. पावसाळ्यात मात्र इथे उतरायचं नाही. वर पडलेला पाऊस खाली दिसत नाही, लोंढाच दिसतो.

[हरिश्चंद्रगड. कोकणकडा, कॅमेरा धारेवरून खाली.]

कोकणकड्यावर उभं राहायचं नाही, पालथं पडायचं. कडा आत वळलेला, त्यामुळे त्याचा पाया डोळ्यांना सापडत नाही. सह्याद्री इथे तुटतो. आपल्या पाठीमागे पडलेलं पाणी गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरापर्यंत जातं, समोर पडलेलं कोकणातून अरबी समुद्राला मिळतं. पश्चिमेचे ओढे तीव्र उताराचे, म्हणून अधिक धारदार. ते कड्याला खालून पोखरतात आणि घाटाची ही कड पूर्वेकडे मागे सरकत राहते.

[सकाळ. दरीत ढग, सूर्य पाठीशी.]

१८३५ मध्ये ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने इथेच इंद्रवज्र पाहिलं. ढगातले सूक्ष्म थेंब प्रकाश मागे फेकतात आणि पूर्ण गोल रंगीत कडं उमटतं, मधोमध आपली सावली. शेजारी सोबती उभा असला, तरी कडं आपल्याच डोक्याभोवती दिसतं. त्याला विचारा, तो म्हणेल, माझ्या.

[ढग विरतो. खाली कोकण.]