मचाणावरून समुद्राकडे

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर कोण येते ते पाहाचं, हे तुमाले मी काय सांगू जी. पण त्याच पौर्णिमेच्या आसपास तिकडे मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर समुद्र इतका मागे हटतो की एरवी बुडालेले खडक उघडे पडतात आणि खळग्यांत साचलेल्या पाण्यात जनावरं आयतीच दिसतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीकडे भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, तेव्हा पाणी फार मागे जात नाही, जाऊन फायदा नाही. वेळेचं म्हणाल तर ॲप आहेत, पण कोळी लोकांचा हिशेब भारी आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. द्वितीया म्हणजे दोन गुणिले पाऊण, दीड, दुपारी दीडला भरती, मग सहा तास आधी, सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी, उजेडही चांगला. सहल रविवार पाहून नका ठरवू, कॅलेंडरातली तिथी पाहून ठरवा. आता शाळा सुट्टी देईल का नाही, तो वेगळा विषय.

जंगलात आपण जनावराआधी जागा पाहतो ना, खडकावर जागा म्हणजे उंची. सगळ्यात वर, जिथे नुसते शिंतोडे पोचतात, तिथे फटींत बारक्या गोगलगायी, त्याखाली बार्नेकल, म्हणजे खडकाला कायमचे चिकटलेले छोटे कवचवाले जीव, आणि कालवं (शिंपल्यातले जीव), अजून खाली जो पट्टा थोडाच वेळ उघडा पडतो तिथे समुद्रफुलं. पाण्यात असलं तर फुलासारखं उघडलेलं, बाहेर राहिलं की वाळू चिकटलेला जेलीचा गोळा, एकच प्राणी आहे हे पटतच नाही.

शंखाच्या बाबतीत तर लय लोक फसतात. कवचावरून नाव सांगायला जाऊ नका, चाल पाहा. शंख सावकाश सरकतोय तर आत गोगलगाय, झटके देत पळतोय, खालून पाय दिसताहेत, तर आत संन्यासी खेकडा, घर दुसऱ्याचं. आणि नक्षीदार निमुळता शंख दिसला म्हणून खिशात टाकू नका, कोन शंखाचा डंख विषारी असतो बाप्पा. दगड उचलला तर जसा होता तसाच परत ठेवा, खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात.

कांदळवनात, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडीत मात्र आपले पोट्टे बाजी मारतील. तिथल्या चिखलावर ठसे स्पष्ट उमटतात, चार बोटं आणि नखं म्हणजे कोल्हा किंवा कुत्रा, पाच बोटं आणि मधे पडदा असला तर पाणमांजर, विष्ठेत माशाचे खवले अन् खेकड्याच्या कवचाचे तुकडे सापडले की शंका उरत नाही. चिखलावर उड्या मारणारा मासा दिसला तर ती निवटी.

मागून कोणी तरी विचारलं, मोठा कॅमेरा लागते काय? नाही लागत. पाण्याची चकाकी कापणारा पोलराइज्ड गॉगल आणि पकड असलेले जुने बूट पुरे. समुद्राकडे पाठ करून बसू नका, पाणी फिरलं की निघा, फोटो राहिला तर राहिला.