खाण्यापायी जगणारे दोघे

नमस्कार श्रोतेहो. एकीकडे चीनच्या डोंगरातला पांडा, वजन शंभर किलोच्या वर. दुसरीकडे उत्तर अमेरिकेतला लाल गळ्याचा हमिंगबर्ड, वजन जेमतेम ३ ग्रॅम. नुकतं जन्मलेलं पांडाचं पिल्लू शंभरेक ग्रॅमचं असतं, म्हणजे त्या पिल्लाच्या भारंभार हे पक्षी तीसेक तरी लागतील!

पांडाचं आतडं मांसाहारी प्राण्याचं आणि खाणं बांबूचं. खाल्लेल्यातलं जेमतेम १७ टक्के पचतं. म्हणून दिवसाला १२ किलोहून जास्त बांबू, तोंड सतत चालू, आणि हालचाल बेताची. हमिंगबर्डला फुलातला रस झटकन पचतो, पण सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारणाऱ्याला तो पुरणार किती? थंड रात्री तर तो अंगाची ऊब उतरवून निपचित पडतो. पांडा हालचाल वाचवतो, हा ऊब वाचवतो. आणि हो, तुमच्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर बरं का! हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत. मोबाईलवर फोटो फिरवणाऱ्यांना हे कोण सांगणार?

आता माझा आवडता किस्सा. रूथ हार्कनेस ही न्यूयॉर्कची, कपड्यांचे डिझाइन करणारी बाई. नवरा पांडा पकडायला चीनला गेला आणि १९३६ मध्ये शांघायलाच वारला. बाई स्वतः निघाली! बरोबर काय, तर दुधाची बाटली आणि दुधाची पावडर. सिच्वानच्या जंगलात झाडाच्या ढोलीत चक्क पिल्लू सापडलं. किलोभराचं. नाव ठेवलं सु-लिन. ते कुशीत घेऊन, बाटलीनं दूध पाजत बाई शांघायला आली, तर परवान्याची अडचण. शेवटी कागदावर काय लिहिलं असेल? ‘एक कुत्रा, २० डॉलर’! पुन्हा सांगतो, पांडा नव्हे, कुत्रा. तो कुत्रा बोटीनं अमेरिकेला पोचला. तिथे पोचलेला हा पहिला जिवंत पांडा. पुढे शिकागोच्या प्राणिसंग्रहालयात त्याला बघायला झुंबड उडाली. १९३८ मध्ये सु-लिन गेली, तेव्हा कळलं की ती नव्हे, तो होता. पिल्लं अशी उचलून आणणं मला मुळीच पटत नाही, तरी किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही.

हमिंगबर्डला कुणाच्या कुशीची गरज नाही. अंगावर चरबी चढवून वजन जवळजवळ दुप्पट करतो आणि मेक्सिकोच्या आखातावरून सुमारे ८०० किलोमीटर एका दमात पार करू शकतो. वेळ संपली. नमस्कार.