जॉन विन्थ्रॉप : घर, माणसं आणि दाराचा अडसर

मित्रहो, नमस्कार.

ऑक्टोबर १६३१. आजच्या बॉस्टन शहराच्या थोडं उत्तरेला मिस्टिक नदी आहे, तिच्या परिसरातलं एक शेतघर. रात्रीचं जेवण झाल्यावर घरमालक बंदूक घेऊन बाहेर पडतो. लांडगे रोज येतात, डुकरं आणि वासरं मारून जातात. एखादा दिसला तर बघावं, एवढाच विचार. अर्धा मैल गेला असेल-नसेल, तोच एकदम अंधारून येतं आणि परतताना वाट चुकते. चालत चालत तो एका लहानशा घरापाशी येतो. घर सॅगमोर जॉनचं. सॅगमोर म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख. घरात कोणी नाही.

या माणसाच्या खिशात बंदुकीच्या तोड्याचा, म्हणजे पेटवायच्या वातीचा, तुकडा आणि होकायंत्र कायम असायचं. उन्हाळ्यात सापाच्या विषावरची वनस्पतीसुद्धा. तोड्याच्या मदतीनं तो घराजवळ शेकोटी पेटवतो, तिथं सापडलेल्या जुन्या चटयांवर अंग टाकतो. पण झोप येत नाही. मग उठायचं, शेकोटीभोवती येरझाऱ्या घालायच्या, मध्येच स्तोत्रं म्हणायची, मध्येच लाकडं गोळा करून आणायची. पहाटेच्या सुमारास पाऊस येतो. अंगावर घ्यायला काही नाही, म्हणून एका लांब काठीच्या आधारानं तो कसाबसा घरात चढतो.

सकाळी तिथल्याच लोकांपैकी एक बाई घराकडे येते. ती दार उघडायच्या आत त्याला तिची चाहूल लागते आणि तो आतून दार बंद करून टाकतो. ती बराच वेळ आत यायची खटपट करते आणि शेवटी निघून जाते. मग हा आपल्या घरी परततो. गडीमाणसं रात्रभर हाका मारत, बंदुकीचे बार काढत त्याला शोधत हिंडलेली असतात. त्याला त्यातलं काहीच ऐकू आलेलं नसतं.

हा माणूस म्हणजे जॉन विन्थ्रॉप, मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचा गव्हर्नर. आणि ही सगळी हकिगत त्यानंच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे, स्वतःला 'गव्हर्नर' असं म्हणून.

विन्थ्रॉपचं नाव निघालं की 'डोंगरावरचं नगर' हे शब्द हटकून येतात. वसाहतीचा प्रवास आणि त्याचं १६३० सालचं प्रवचन यांची सांगड अमेरिकेतल्या शाळेच्या पुस्तकांत घट्ट बसलेली आहे. सगळ्या जगाचे डोळे आपल्यावर आहेत, असं त्यानं त्यात म्हटलं होतं. ते प्रवचन छापलं गेलं थेट १८३८ मध्ये. पुढे १९६१ मध्ये केनेडींनी ते शब्द उचलले, मग रेगन यांनी. त्यावर भरपूर बोललं गेलंय. मला आज बोलायचंय ते त्या सकाळच्या दाराबद्दल. घरच्या माणसांवर जीव ओवाळून टाकणारा हा गृहस्थ. त्याच्या मायेची हद्द कुठवर होती आणि त्या हद्दीबाहेर कोण उभं होतं, हे मला तुमच्यापुढे मांडायचंय.

घराणं इंग्लंडच्या सफक परगण्यातलं. आजोबा लंडनचे कापडाचे व्यापारी. आठव्या हेन्रीनं मठांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५४४ मध्ये त्यांनी ग्रोटनची जहागीर विकत घेतली. जॉनचा जन्म १५८८ चा. सतराव्या वर्षी मेरी फोर्थशी लग्न झालं, अठराव्या वर्षी तो बाप झाला. मेरी दहा वर्षांनी गेली. त्याच वर्षी दुसरं लग्न झालं, टॉमसिन क्लॉप्टनशी, आणि वर्षभरात बाळंतपणात तीही गेली. तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल त्यानं पानंच्या पानं लिहिली आहेत. १६१८ मध्ये तिसरं लग्न झालं, मार्गारेट टिंडलशी. ही साथ एकोणतीस वर्षं टिकली.

मार्गारेटची पत्रं वाचावीत. नवरा कामानिमित्त लंडनला, ही ग्रोटनला. वाड्याचा कारभार, सासू, सावत्र मुलं, स्वतःची मुलं. एका पत्रात ती लिहिते, की तुमच्यावर प्रेम करायला माझ्यापाशी पुष्कळ कारणं आहेत, त्यातली दोनच सांगते. पहिलं, तुमचं देवावर प्रेम आहे. दुसरं, तुमचं माझ्यावर प्रेम आहे. आणि लगेच पुढे म्हणते, की आता हे बोलणं पुरे, घरातली कामं पडली आहेत. इतका वेळ त्यांच्यापासून दूर राहते म्हणजे मी काही चांगली गृहिणी नाही, पण तुमच्याशी बोलायला थोडा वेळ उसना घ्यावाच लागतो. चारशे वर्षं होत आली या पत्राला. हात कामात आणि जीव पत्रात, अशी ती बाई मला अगदी समोर दिसते.

हे लोक प्युरिटन. इंग्लंडच्या चर्चमध्ये सुधारणा अर्धवट राहिली, रोमन कॅथलिक पंथाचे अवशेष अजून तसेच आहेत, असं त्यांचं ठाम मत होतं. १६२९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजानं पार्लमेंट बरखास्त केली. त्याच वर्षी विन्थ्रॉपची वॉर्ड्स कोर्टातली, म्हणजे अज्ञान वारसांची प्रकरणं बघणाऱ्या न्यायालयातली, वकिली सुटली. डोक्यावर कर्ज होतं, मुलं हाताशी आलेली, आणि देशावर देवाचा कोप होणार ही मनात बसलेली भीती. ऑगस्टमध्ये केंब्रिजला बारा जणांनी करार केला, की वसाहतीची सनद आणि सगळा कारभार बरोबर घेऊनच जायचं. ऑक्टोबरमध्ये त्याला गव्हर्नर निवडलं.

१६३० च्या वसंतात ताफा निघाला. अकरा जहाजं, सुमारे सातशे माणसं. विन्थ्रॉप 'आर्बेला'वर, सोबत दोन लहान मुलगे, स्टीफन आणि अॅडम. मार्गारेटला दिवस भरत आलेले होते, म्हणून ती मागे राहिली. थोरला मुलगा जॉनही जहागीर विकण्यासाठी मागे थांबला. जहाज अजून इंग्लंडच्या किनाऱ्यालाच होतं, तेव्हा विन्थ्रॉपनं बायकोला पत्र लिहून आठवण करून दिली : सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आपण मनानं भेटायचं, प्रत्यक्ष भेट होईपर्यंत. मध्ये अख्खा अटलांटिक समुद्र येणार होता आणि या दोघांनी वेळ ठरवून घेतली होती.

मधला मुलगा हेन्री. हा जरा बेबंद. बार्बाडोसला तंबाखू पिकवायला गेला, काही जमलं नाही, परत येऊन आतेबहिणीशी, बेस फोन्सशी, लग्न करून बसला. निघताना तो गुरं आणायला किनाऱ्यावर उतरला आणि वाऱ्यामुळे वडिलांच्या जहाजावर परत येऊ शकला नाही. मागाहून दुसऱ्या जहाजानं आला. पोचला आणि लगेचच, २ जुलैला, सेलमला एका खाडीच्या पलीकडे दिसलेली होडी आणायला म्हणून पोहत निघाला आणि बुडाला. रोजनिशीत त्या दिवशी एवढंच आहे : माझा मुलगा हेन्री विन्थ्रॉप सेलम इथे बुडून मेला. बाकी काही नाही. स्वतःला 'गव्हर्नर' म्हणणारा हा माणूस इथे मात्र 'माझा मुलगा' म्हणतो. आणि दोन आठवड्यांनी मार्गारेटला पत्र जातं : माझा हेन्री, माझा हेन्री, बिचारं लेकरू! पण त्याहून जास्त जीव तुटतोय तो सुनेसाठी. सून तेव्हा इंग्लंडमध्ये, कडेवर तान्ही मुलगी.

पहिला हिवाळा भयंकर गेला. वसंतापर्यंत सुमारे दोनशे माणसं दगावली आणि जवळजवळ तेवढीच इंग्लंडला परतली. ज्या लेडी आर्बेलाच्या नावानं जहाज होतं, ती ऑगस्टमध्येच गेली, सप्टेंबरअखेर तिचा नवराही. शिंपले आणि ओकची फळं खाऊन लोक जगले. हिरड्या सुजून, दात हलून माणसं स्कर्व्हीनं मरत होती. फेब्रुवारी १६३१ मध्ये 'लायन' नावाचं जहाज धान्य आणि लिंबाचा रस घेऊन आलं, आणि ज्यांना तो वेळेवर मिळाला ते उठून बसले. जहाजाचा कप्तान विल्यम पियर्स. हे नाव कृपया लक्षात ठेवा.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पियर्सच 'लायन'वरून मार्गारेटला घेऊन आला. बरोबर थोरला जॉन आणि विधवा सून बेस. बाप निघाल्यावर जन्मलेली अॅन मात्र नव्हती. निघून आठवडा होतो न होतो तोच ती समुद्रात गेली. बापानं तिचं तोंडही पाहिलं नाही. मार्गारेट किनाऱ्यावर उतरली तेव्हा बंदुकांची सलामी झाली आणि पुढचे काही दिवस लोक डुकरं, करडं, हरणाचं मांस, कोंबड्या, हंस, तितर घेऊन दारात येत राहिले. वर्षापूर्वी उपासमार सोसलेली ही माणसं होती. असा आनंद न्यू इंग्लंडमध्ये कधी पाहिला नव्हता, असं विन्थ्रॉप लिहितो. वाट चुकलेल्या त्या रात्रीनंतर महिन्याभराच्या आतली ही गोष्ट आहे.

पुढची अठरा वर्षं तो वसाहतीच्या राजकारणात आकंठ बुडालेला होता. वसाहतीच्या पहिल्या वीसपैकी बारा वर्षं गव्हर्नर. सगळं इथे सांगणं शक्य नाही, पण दोन बायकांबद्दल सांगायलाच हवं.

एक अॅन हचिन्सन. बॉस्टनमध्ये विन्थ्रॉपच्या घरासमोरच, रस्त्याच्या पलीकडे राहायची. पंधरा बाळंतपणं झालेली, सुईणपणात वाकबगार. आठवड्याचं प्रवचन झालं की तिच्या घरी आधी बायका आणि मग पुरुषही जमू लागले. बहुतेक धर्मोपदेशक कर्माच्या जोरावर मोक्ष शिकवतात, देवाच्या कृपेच्या नाही, असं ती म्हणायची. नोव्हेंबर १६३७ मध्ये तिच्यावर खटला चालला. अध्यक्षस्थानी हा शेजारी. हद्दपारीची शिक्षा ऐकल्यावर तिनं विचारलं, मला कशासाठी घालवताय? उत्तर मिळालं : आणखी बोलू नका, कशासाठी ते न्यायालयाला ठाऊक आहे आणि त्याचं समाधान झालंय. १६४३ मध्ये डच मुलुखात ती सोबत राहणाऱ्या बहुतेक मुलांसह मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारली गेली. रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकालाही याच वसाहतीनं हाकललं होतं, पण विन्थ्रॉपनं त्याला खासगीत नॅरगॅन्सेट उपसागराकडे जाण्याचा सल्ला दिला आणि पुढे वर्षानुवर्षं दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. पुरुषाला मिळालेली ती सवलत शेजारणीला मिळाली नाही. याची मला खंत वाटते, आणि ती मी लपवणार नाही.

दुसरी बाई मूळ रहिवाशांतल्या पीकॉट जमातीची, मोनोनोटो या प्रमुखाची बायको. १६३७ च्या मे महिन्यात इंग्रजांनी मिस्टिक इथली पीकॉटांची गढी जाळली. हे मिस्टिक कनेटिकटमधलं, आपल्या सुरुवातीच्या नदीचं नाही. त्यात शेकडो माणसं मेली, त्यांत बायका होत्या, मुलं होती. उरलेल्यांना पकडून वाटून टाकलं. ही बाई आणि तिची मुलं कैद्यांमध्ये होती. पूर्वी दोन इंग्रज मुली पीकॉटांच्या तावडीत सापडल्या होत्या, तेव्हा तिनंच मध्ये पडून त्यांचा जीव वाचवला होता, त्यांना नीट वागवलं होतं. म्हणून विन्थ्रॉपनं तिला आपल्या देखरेखीखाली घेतलं. तो लिहितो, की तिच्या पहिल्या मागण्यांपैकी दोन अशा : इंग्रजांनी माझ्या अंगाला हात लावू नये आणि माझी मुलं माझ्यापासून तोडू नयेत.

समुद्रात लेक गमावलेली मार्गारेट तेव्हा घरात होती.

पीकॉट कैद्यांपैकी काही मुलगे आणि दोन बायकांना सेलमच्या 'डिझायर' नावाच्या जहाजावर चढवून वेस्ट इंडीजकडे पाठवलं, गुलाम म्हणून विकायला. फेब्रुवारी १६३८ मध्ये ते जहाज परत आलं. रोजनिशीत नोंद आहे : कापूस, तंबाखू आणि निग्रो आणले, शिवाय मीठ. मालाच्या यादीत माणसं, आणि मागोमाग मीठ. कप्तान होता विल्यम पियर्स. लिंबाचा रस आणणारा, मार्गारेटला आणणारा, तोच.

१६४१ च्या कायद्यात न्याय्य युद्धात पकडलेल्यांना आणि विकल्या गेलेल्या परक्यांना गुलाम करायची मुभा आली. विन्थ्रॉपचा मेहुणा इमॅन्युएल डाउनिंग यानं १६४५ मध्ये त्याला लिहिलं, की पुरेसे गुलाम हाती आल्याशिवाय आपली भरभराट कशी होणार ते मला दिसत नाही. याच डाउनिंगचा मुलगा जॉर्ज पुढे इंग्लंडला परतला. लंडनची डाउनिंग स्ट्रीट त्याच्या नावाची. विन्थ्रॉपच्या मृत्युपत्राच्या मसुद्यात अॅडमच्या वाट्याला बंदरातलं बेट आहे आणि तिथले 'माझे इंडियन', म्हणजे मूळ रहिवासी, आहेत. धाकटा सॅम्युअल अँटिग्वाला गुलामांच्या श्रमावर उसाचा मळेवाला झाला. थोरला जॉन कनेटिकटचा गव्हर्नर झाला, १६६२ ची सनद त्यानंच मिळवली, रॉयल सोसायटीचा सभासद झाला. हजारावर पुस्तकं होती त्याच्याकडे. तिथलीही एक नोंद बापानं केली आहे : ग्रीक नवा करार, स्तोत्रं आणि इंग्लंडच्या चर्चची प्रार्थनापोथी एकत्र बांधलेली होती, उंदरांनी प्रार्थनापोथीचं पान न पान कुरतडलं आणि बाकी दोहोंना तोंड लावलं नाही. बापाला यात देवाचा हात दिसला. उंदराच्या दातांतही ज्याला देवाचा संकेत दिसे, त्याला सात महिन्यांनी परतलेल्या त्या गलबतावरून आलेल्या माणसांत तो दिसला नाही.

जून १६४७ मध्ये साथीत मार्गारेट गेली. थोड्याच महिन्यांत त्यानं मार्था कॉयटमोर या विधवेशी लग्न केलं, एक मुलगाही झाला. २६ मार्च १६४९ ला तो वारला. सोळा मुलांचा बाप. बरीचशी त्याच्या डोळ्यांदेखत गेली.

आता त्या रिकाम्या घराचा मालक, सॅगमोर जॉन. १६३३ च्या डिसेंबरात तो देवीच्या साथीत मेला, त्याच्याबरोबर त्याची जवळजवळ सगळी माणसं. मॅव्हरिक नावाच्या इंग्रजानं एका दिवसात तीसहून जास्त प्रेतं पुरली. विन्थ्रॉप लिहितो, की मरण्याआधी त्यानं आपली देणी फेडायची व्यवस्था केली, गव्हर्नरला शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा भेट पाठवल्या, आणि आपला मुलगा बॉस्टनच्या पाद्र्याच्या घरी वाढवायला दिला.