गाववाल्यांची खोली

श्रोतेहो, नमस्कार.

शंभर वर्षांपूर्वीची मुंबई. कोकणातून आलेल्या बोटीतून विशीतला एक मुलगा धक्क्यावर उतरतो. काखेत वळकटी, खिशात पत्त्याची चिठ्ठी. पत्ता गिरणगावातल्या चाळीतल्या एका खोलीचा. गावच्या माणसांनी वर्गणी काढून भाड्याने घेतलेली खोली.

त्या खोलीत भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका असत. एका ट्रंकेएवढी जागा मिळाली की माणूस मुंबईकर झाला. पुढे गिरण्यांत रातपाळ्या आल्या, तेव्हा एक उठला की त्याच्याच जागेवर दुसरा आडवा व्हायचा. नोकरी लावायला गाववाला, तापात डोक्यावर पट्टी ठेवायला गाववाला, शिमग्याला रजा काढून घरी जायलाही सोबत त्याचीच. या खोल्यांनी हजारो पोरांना एकटेपणातून वाचवलं. मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. म्हणूनच पुढचं सांगताना जीव तुटतो.

गिरणीत विणकाम खात्याला पगार बरा. तिथे धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी साधनात, सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढावं लागे. एकाचा ओठ जिथे लागला, तिथेच दुसऱ्याचाही लागणार. एवढ्यावरून सवर्ण कामगारांनी दलितांना त्या खात्यात पाऊल ठेवू दिलं नाही. दलितांच्या वाट्याला कमी पगाराचं सूतकताईचं काम.

मला वाटतं, परक्या शहरात घाबरलेल्या माणसाने आपलेपणासाठी गाव उचलून आणलं, आणि गावाबरोबर गावकुसाची भिंतही आणली. माणूस जितका एकटा, तितका तो आपल्या माणसांच्या मर्जीला जपतो. खोलीतून बाहेर पडावं लागेल, ही भीती मोठी. त्या भीतीपोटी शेजारच्या मागावर कोण नको, हे तो निमूट मान्य करतो.

१९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. विणकाम खातं दलितांनाही खुलं झालं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ते स्वतः तेव्हा परळच्या चाळीत राहत होते. गिरणगाव त्यांनी आतून पाहिलेलं होतं.

ज्याला मागापासून दूर ठेवलं, तोही बहुतेकदा रत्नागिरीचाच. तशाच बोटीने आलेला, काखेत तशीच वळकटी. त्याची चाळ तेवढी वेगळी. रात्री दिवा मालवल्यावर त्यालाही गावची आठवण येतच असणार.